भिंतीकडची मोकळी जागा

गफूरभाई, तुम्हाला कब्रस्तानात ठेवून मंडळी परत आली, जब्बारमामूंच्या हॉटेलात चहा पिऊन झाला आणि लगेच भांडण सुरू झालं. तुमच्यावरूनच. तुम्ही असतात तर मान खाली घालून हसला असतात आणि पेट्या ठोकायला दुकानात निघून गेला असतात. पण तुम्ही नव्हतात. म्हणून भांडण वाढत गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यात पडले. काय झालं ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण मी काही चांगलं भांडले नाही.

नांदेडच्या आपल्या मोहल्ल्याच्या फुटबॉल क्लबाची रीत तुम्हीच मला समजावून सांगितली होती. खेळाडू गेला की येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजनंतर, त्याच्या नावानं मॅच होते. त्या मॅचमध्ये त्याची जागा मोकळी ठेवतात. आपले दहाच जण उतरतात. तो बॅक असेल तर समोरचे लोक त्या मोकळ्या जागेतून आत घुसतात आणि गोल मारतात. असा गोल झाला की कुणी ओरडत नाही, सगळं ग्राउंड उठून उभं राहतं. त्याला सलामी म्हणायचं. जितक्या सलाम्या तितका माणूस मोठा, असा आपला सरळ हिशोब. लातूरचे लोक याला हसतात. हसू देत. आपल्याच टीमवर गोल व्हावा म्हणून डोळे लावून बसणारी माणसं या मोहल्ल्याबाहेर कुठे असतील असं मला वाटत नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता तुमची जागा कोणती, इथेच सगळं अडलं. पहिली काही वर्षं तुम्ही लेफ्ट बॅक होतात, डाव्या कडेला, अंगात तीन नंबरचा शर्ट. किल्लारीच्या भूकंपानंतर गोलसमोर मधे आलात, पाच नंबर घालून स्टॉपर झालात आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच खेळलात. जब्बारमामूंचं हॉटेल म्हणालं, स्टॉपरची जागा मोकळी ठेवायची, यात बोलण्यासारखं आहेच काय? मी म्हणाले, लेफ्ट बॅकची. माझ्या बाजूनं मी एकटी. पुण्याला फोन करून अविनाशला विचारलं, म्हटलं पोटचा पोरगा तरी आपला असेल. तो म्हणाला, ‘आई, काका स्टॉपरच होते. मी त्यांना लेफ्टला कधी बघितलंच नाही.’ मी फोन ठेवून दिला.

आणि मी तरी कोण? बॉलला कधी पाय न लावलेली बाई. रेणापूरहून लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा फुटबॉल हा खेळ नावानंच माहीत होता, आमच्याकडे पोरं कबड्डी खेळायची. पण सासरच्या घराची मागची भिंत म्हणजे ग्राउंडची एक लांब बाजूच. दगडमातीची, दोन हात रुंद. वर तेव्हा माळवद होतं. शिवणाचं काम मी घरीच करायची. काजं घालायला, बटणं लावायला उजेड बरा म्हणून संध्याकाळी माळवदावर जाऊन बसायची, आणि खाली तुम्ही, अगदी माझ्या पायाखाली. अर्धा खेळ तुमची जागा या भिंतीला लागून असायची. हाफ झाला की तुम्ही पलीकडच्या बाजूला जायचात. मग माझं काम भराभर उरकायचं.

खरं सांगते, सुरुवातीला मला वाटलं हा माणूस घाबरट आहे. समोरून लातूरचा माधव बॉल घेऊन सुसाट यायचा आणि तुम्ही मागे मागे सरकायचात. पाय घालणं नाही, धक्का नाही, शर्ट ओढणं नाही. हात थोडे बाजूला, गुडघ्यात किंचित वाकून, उलट्या पावली. तोंडानं हळूच ‘आव मियाँ, आव’ म्हणत. ते वर मला ऐकू यायचं. मी मनात म्हणायची, अहो बोलावताय काय त्याला, अडवा की!

मग एका संध्याकाळी मला ते दिसलं. माधवला वाटत होतं तो गोलकडे चाललाय, पण तो चालला होता कोपऱ्याकडे. तुम्ही त्याला एकच वाट उघडी ठेवली होती आणि तो गडी खुशीत त्या वाटेनं निघाला होता. पुढे जावं तर रेषा, वळावं तर तुम्ही. दिवस मावळताना कोंबड्या डालायच्या असतात तेव्हा जाणती बाई धावत नाही, ओरडत नाही, जिथं उभं राहायला पाहिजे तिथं नुसती उभी राहते. तसं. बॉल आपोआप बाहेर गेला. तुम्ही माधवच्या पाठीवर थाप मारलीत आणि जागेवर परत आलात. माझ्या हातातली सुई तशीच राहिली होती. इतकं अवघड काम एखादा माणूस एवढ्या शांतपणे करू शकतो, हे मी तोपर्यंत कुठे पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही पाहिलं नाही. मी देवळात जाते, भजनाला जाते, चांगले गाणारेही ऐकले आहेत. पण तोंडात बोट घालावं असं वाटलं ते त्या भिंतीवरून खाली बघताना.

त्या दिवसापासून मी खेळाडूंचे पाय बघणं सोडलं आणि जागा बघायला लागले. तुम्ही अर्धं पाऊल डावीकडे सरकलात की पलीकडचा आपला हाफ बॅक न सांगता दोन पावलं आत यायचा. आपला गोली तुमच्या खांद्याकडे बघून उभा राहायचा. दहा माणसं तुम्ही एका खांद्यानं हलवत होतात आणि खाली बसलेल्यांना वाटायचं, आज गफूरकडे बॉलच आला नाही. अहो, येणार कसा? तुम्ही येऊ दिलात तर ना.

मग ती पहाट आली. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. नांदेडातही फळीवरची भांडी वाजली, आम्ही सगळे पोराबाळांसकट रस्त्यावर. सकाळ होईपर्यंत किल्लारीचं कळलं. तिकडे तात्पुरती घरं उभी करायला पत्रा कापणारे हात पाहिजे होते, आणि तुमचा तर धंदाच पत्र्याच्या पेट्यांचा. गावातले पत्रेवाले ट्रकात बसून गेले, त्यात तुम्ही होतात. बाकीचे दिवाळीच्या आसपास परतले. तुम्ही थंडी सरेपर्यंत आला नाहीत.

आलात ते थेट माझ्या दारात, हातात शर्ट.

‘वैनी, हे तीन उसवा. पाच लावा.’

‘का ओ? तीनला काय झालं?’

‘गुडगा. साइडला पळनं होत न्हाई आता. मधी खेळतो.’

मी तुम्हाला भिंतीच्या सावलीत स्टूल दिला आणि कात्री शोधायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर तुम्ही स्टूल उचलून अंगणाच्या मधोमध नेला होता, भर उन्हात. डोक्यावर रुमाल टाकून बसला होतात. मी ते बघितलं, आणि मी बघितलेलं तुम्हाला कळलं. मी दोरा उसवायला लागले. तीन निम्मा उसवला तेव्हा तुम्हीच बोललात.

‘भिंत बाजूला असली की मला बॉल दिसत न्हाई, वैनी.’

‘गफूरभाई, सासऱ्याच्या आज्यानं बांधलेली हाय ही भिंत. काय होतंय तिला?’

‘तिकडच्या बी आज्यानंच बांधलेल्या हुत्या.’

तिकडे दगडांखालून तुम्ही कुणाला काढलंत, काय काय पाहिलंत, ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. पाच नंबर लावून झाला, शर्ट घडी करून दिला. दारातून वळून म्हणालात, ‘कुनाला बोलू नका. गुडगाच म्हना.’ मी गुडघाच म्हटलं. घरातसुद्धा.

पुढची वर्षं जब्बारमामूंच्या बाजूची. मी ती नाकारत नाही. स्टॉपर म्हणून तुम्ही कप आणलेत, बक्षिसं आणलीत, हिंगोली-परभणीपर्यंत तुमचं नाव झालं, मामूंनी हॉटेलात तुमचा फोटो लावला. मधे उभे राहून तुम्ही हात करायचात, ओरडायचात, पोरांना जागेवर बसवायचात. टीम सांभाळावी तर तुम्हीच. पण मला ते वेगळंच वाटायचं. मधे तुम्ही घर चालवणाऱ्या कर्त्या माणसासारखे दिसायचात. डावीकडे होतात तेव्हा नुसते खेळायचात.

म्हणून भेटलात की मी तेच विचारायची, ‘साइडला कवा येताव परत?’ आणि तुम्ही तेच सांगायचात, ‘भिंत पाडा, उद्या येतो.’ माळवद काढून आम्ही स्लॅब टाकला तेव्हा तुम्ही सेंट्रिंग बघायला आलात, लांबूनच म्हणालात, ‘बेस झालं. आन भिंत?’ भिंत पाडायला आमच्या सासऱ्यांचा जीव होईना, नंतर आम्हालाही पैशाची गाठ पडेना. आपला तो वाद तसाच राहिला. भिंत अजून आहे.

मग लातूरचं वारं सुटलं. दहावी झाली की पोरगं लातूरला, क्लासला, होस्टेलला. पूर्वी जून महिन्यात तुमच्या दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं. आता दारात रांग, प्रत्येकाला पेटी पाहिजे, वर नाव रंगवून पाहिजे. धंद्याची चांदी झाली, पण क्लबाचं वाटोळं. संध्याकाळी ग्राउंडवर अकरा डोकी जमायची मुश्किल. एकदा तुम्ही पेटीला कडी ठोकता ठोकता म्हणालात, ‘वैनी, माजी टीम माज्याच पेट्यांत भरून लातूरला चालली बगा.’ हसलात, पण हातोडी जरा जोरात पडली.

त्या टीममध्ये आमचा अविनाशही होता. तुमच्या हाताखाली तयार झालेला लेफ्ट बॅक. तुम्ही त्याला स्वतःच्या जागेवर उभं केलंत, उलट्या पावली चालायला शिकवलंत. मी वरून बघायची तर मला त्याच्या चालण्यात तुम्ही दिसायचात. त्याला चांगले मार्क पडले आणि त्याच्या वडलांनी लातूरचं नक्की केलं. तुम्ही दुकानातली सगळ्यात चांगली पेटी त्याला दिलीत, जाड पत्र्याची. म्हणालात, ‘शिकू द्या. बॉल काय, कुटंबी भेटतो.’ आणि पंधरवड्यावर आपली फायनल होती. लातूरशीच. लेफ्ट बॅकला माणूस नव्हता.

त्या फायनलबद्दल मला तुमच्याशी बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

तुम्ही पाच नंबरचा शर्ट घालून लेफ्टला उतरलात. पहिल्या हाफला पलीकडे होतात. दुसऱ्या हाफला इकडे, भिंतीकडे यायचं होतं. सगळी टीम जागेवर गेली आणि तुम्ही ग्राउंडच्या मधेच बुटाची लेस बांधत बसलात. सुटलेली नव्हती ती लेस. वरून सगळं दिसतं, गफूरभाई. मग उठलात आणि आलात. भिंतीपासून चार हातांवर उभे राहून वर बघितलंत. मी काय करणार होते? पुढे झाले, कठड्यावर वाकले आणि दोन्ही तळवे भिंतीच्या दगडावर दाबून धरले. जशी काही मीच धरून ठेवणार होते! तुम्ही पाहिलंत, मान हलवलीत आणि माधवकडे तोंड केलंत.

तो हाफ मी विसरणार नाही. तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता. बॉल लांब गेला की तुमची नजर दगडांवर जायची. पलीकडून ट्रक गेला तरी खांदे उडायचे. आणि बॉल घेऊन माधव आला की तुम्ही पुन्हा तेच. हात बाजूला, गुडघ्यात वाकलेले, उलट्या पावली. आवाज बसला होता, तरी ‘आव मियाँ, आव.’ एकेकदा तर भिंतीला खांदा घासेल इतके जवळून गेलात. माधवला एकदाही आत जाऊ दिलं नाहीत. आपण एका गोलनं जिंकलो, गोल मारणाऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. तुम्ही वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभे होतात. मी दगडावरून हात काढले तेव्हा तळव्यांवर खडे रुतले होते. नंतर आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही. एखाद्याच्या घरात त्याला न सांगता शिरल्यासारखं वाटलं असतं.

तर हे सगळं पोटात घेऊन मी परवा मामूंच्या हॉटेलासमोर गेले. इतकी वर्षं ग्राउंड वरून बघितलं, चालत पार केलं ते परवा. बाकड्यांवर सगळे बसलेले.

मामू म्हणाले, ‘वैनी, तुमी वरून बगताव. फुटबॉल खालून समजतो.’

मी म्हटलं, ‘खालून पाय दिसतात मामू. वरून जागा दिसती.’

दोघंतिघं हसले. मला बरं वाटलं, पण मामू हार मानणारे नाहीत. ते म्हणाले, ‘बरं, मग त्या फायनलला लेफ्टला खेळला की गफूर. काय खेळला? घामानं भिजला हुता. म्हाताऱ्यावानी चालत हुता. ध्यान कुटं, बॉल कुटं, सारका बाजूला बगायचा. मी भित्तीखालीच बसून शिव्या घालत हुतो त्याला. लेफ्ट बॅक असा असतो व्हय?’

गफूरभाई, त्या क्षणी माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोलले असते तर सगळं हॉटेल गप्प झालं असतं. पण ‘तुमचा गफूर भिंतीला भीत होता’ असं म्हणायचं? तुमची माती अजून ओली असताना? लोक पुढचं ऐकणार नाहीत, एवढंच धरून बसतील, असं वाटलं. माझ्याजवळ दुसरं काही बोलायला नव्हतं, म्हणून मी तेच तेच बोलत राहिले आणि शेवटी रडले. मग मंडळींना कीव आली. निकाल लागला: पहिला हाफ स्टॉपर मोकळा, दुसरा हाफ लेफ्ट बॅक. मला तो निकाल नको होता. कीव करून दिलेली अर्धी जागा तुम्हाला कशाला पाहिजे?

जुम्म्याला लातूरचे जुने लोक गाडी करून आले. माधवही आला. आता लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवतो, पोट सुटलंय, तरी म्हणाला, ‘गफूरभाईसाठी मीच उतरनार.’ मी गच्चीवर जाऊन बसले, शिवण न घेता.

पहिला हाफ मामूंच्या मनासारखा झाला. मधला रस्ताच मोकळा, लातूरची पोरं सरळ आत. एक गोल झाला, सगळं ग्राउंड उठलं. दुसरा झाला, पुन्हा उठलं. तिसऱ्याला मामूंनी टोपी नीट केली आणि उठता उठता वर माझ्याकडे बघितलं. मीही उभी होते. तुमची सलामी होती, मी बसून कशी राहणार?

दुसऱ्या हाफला लेफ्ट बॅकची जागा भिंतीकडे आली. माझ्या पायाखाली नुसती माती. मी देवाला म्हटलं, एक तरी होऊ दे. आणि माधवला बॉल मिळाला. पुढे चिटपाखरू नाही, थेट गोलपर्यंत वाट. तो निघाला. थोडा आला आणि त्याची चाल मंदावली. मग तो हळूहळू बाहेरच्या अंगाला सरकायला लागला. भिंतीच्या कडेकडेनं, कोपऱ्याकडे. बॉल रेषेबाहेर गेला.

मला वाटलं, दम लागला असेल. पुन्हा बॉल आला, पुन्हा तेच. आत वळायला जागाच जागा, आणि हा गडी कुणाला तरी वळसा घालावा तसा बाहेरून चाललाय. मामू उठून रेषेपर्यंत आले आणि ओरडले, ‘माधव, आत घाल की रे! कोन हाय म्होरं?’

माधव कोपऱ्यात उभा राहून धापा टाकत होता. त्यानं मागे वळून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

‘मला बी समजंना, मामू. म्होरं कोनीच न्हाई. पायच तिकडं जायलेत.’

वरून मला सगळं दिसत होतं आणि तरी डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. तुम्ही जमिनीखाली आणि तुमची जागा अजून त्याला कोपऱ्यात नेत होती. त्या हाफमध्ये गोल झालाच नाही. क्लबाच्या हिशोबानं तुम्हाला लेफ्ट बॅक म्हणून एकही सलामी मिळाली नाही, मी भांडण चारीमुंड्या चीत हरले. शिटी वाजली. आणि कुणी काही न सांगता सगळं ग्राउंड उठून उभं राहिलं. गोल न होता लोक उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. माधव तर हमसून हमसून रडत होता.

मी खाली उतरले. मागच्या दारातून बाहेर आले तर मामू तिथेच, त्या मोकळ्या जागेच्या कडेला उभे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘वैनी, असा खेळ सोडून त्यो मधी का गेलता?’

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सांगितलं तर तुम्ही लहान व्हाल. आता ती धास्ती राहिली नव्हती. परवानगी द्यायला तुम्ही नव्हतात, म्हणून माझ्या मनानंच मी बोलले. चुकले असेन तर माफ करा, पण मला नाही वाटत चुकले.

‘गुडगा न्हवता, मामू. किल्लारीहून आले तवापासून ते या भिंतीला भ्यायचे. दगडाखालचं समदं डोळ्यानं बगून आलते. त्या फायनलला बी भ्यायलेच हुते. पूर्ण हाफ भीत भीत उभे राहिले, तुमच्या म्होरं.’

मामू भिंतीकडे वळले. ‘म्हंजी त्यो घाम...’ म्हणाले. फायनलला ते बसले होते ती जागा तिथून हाताच्या अंतरावर होती. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

‘आदी सांगायचं न्हाई व्हय, वैनी?’ ते म्हणाले. ‘दोन्ही हाफ लेफ्ट बॅकचीच जागा मोकळी ठेवली असती की.’